नाणेघाटाच्या पायथ्याचीं घरें

कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता वैशाखरे गांवापाशीं आला, म्हणजे सह्याद्रीची काळी भिंत एकाएकीं अगदीं समोर उभी राहते. या भिंतींत जी एक अरुंद खिंड आहे, तीच नाणेघाट. घाटाचा पायथा मुरबाड तालुक्यांत आणि माथा पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत. दोन हजार वर्षांपूर्वीं सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनें जुन्नरला व तेथून पैठणला जात असे. घाटाच्या माथ्याजवळ, वाटेच्या कडेलाच, एक लेणें खोदलेलें आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत एक दीर्घ लेख कोरलेला असून मागील भिंतीवर एके काळीं आठ मूर्ती होत्या. त्या मूर्ती आज नष्ट झाल्या आहेत. राहिल्या आहेत त्या पावलांच्या खुणा आणि मूर्तींच्या वर कोरलेलीं कांहीं नांवें.

त्या नांवांवरून ही रांग कोणाची होती हें कळतें. सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका आणि तिचा पति श्रीसातकर्णी, त्यांच्या शेजारीं राजकुमार आणि एक महारठी. हा महारठी म्हणजे नागनिकेचा पिता, असें अभ्यासक मानतात. तें खरें असेल, तर या दगडी रांगेंत एका स्त्रीचें सासर आणि माहेर शेजारीं शेजारीं उभें होतें असें म्हणावें लागेल. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना राजानें आपलें सैन्य दाखविलें नाहीं, सिंहासन दाखविलें नाहीं. दाखविलें तें आपलें कुटुंब.

भगवानलाल इंद्रजी आणि त्यांच्या मागोमाग ब्यूलर या पंडितांनीं गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत, म्हणजे १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, हा लेख लावून प्रसिद्ध केला. लेखाचा काळ बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा समजतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेंच यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांना वंदन आहे. संकर्षण आणि वासुदेव हे भाऊ भाऊ. तेव्हां वंदनाच्या या ओळींतही नात्याची एक जोडी येऊन बसलेली आहे. पुढें राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. कोठें १,७०० गाई आणि १० हत्ती, कोठें हजारों गाईंसह १,००० घोडे, कोठें २४,४०० काहापण नाणीं. भारतांतील अंकलेखनाच्या इतिहासांत या लेखाला जें महत्त्वाचें स्थान मिळालें, तें या दानाच्या आंकड्यांमुळें.

परंतु या सगळ्या डामडौलाच्या मधोमध राणीचें वर्णन करणारे तीन शब्द आहेत, आणि ते अगदीं वेगळ्या सुराचे आहेत. ती महिना महिना उपवास करणारी आहे. ती ब्रह्मचर्यानें राहिलेली आहे. आणि ती ‘गहतापसा’, म्हणजे गृहतापसी, आहे. तप म्हटलें कीं वन, गुहा, नदीचा कांठ, निदान घराचा उंबरठा ओलांडून गेलेला मनुष्य डोळ्यांपुढें येतो. येथें त्या शब्दाच्या आधीं ‘गृह’ हा शब्द जोडला आहे. पतीच्या मागें लहान पुत्राच्या वतीनें नागनिकेनें राज्याचा भार वाहिला, असें सामान्यतः मानलें जातें. मुलें वाढवावयाचीं, घर सांभाळावयाचें, राज्य चालवावयाचें, आणि तरीही तापसी राहावयाचें, असें या शब्दाचें सांगणें आहे. घर सोडल्यावांचून देवाजवळ जाण्याची वाट या मुलुखांत इतक्या प्राचीन काळीं दगडावर लिहिली गेली होती.

अर्थात् नागनिका राणी होती. तिच्या उपवासाच्या शेवटीं तिच्यापुढें ताट येणार होतें, हें निश्चित होतें. त्याच घाटाच्या पायथ्याशीं, आजच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांच्या रानांत, ज्या घरांत उपवास व्रत म्हणून नव्हे तर धान्य संपलें म्हणून घडत आले, त्या घरांना देवाचें औदार्य कोठें भेटलें आणि त्याचा दिलासा कशांत मिळाला, हा खरा प्रश्न आहे. राजांच्या लेखांत त्याचें उत्तर नाहीं. तें शोधावयाचें तर चूल, जातें, कणगी, पाळणा आणि पाण्याचा हंडा यांच्याकडे गेलें पाहिजे.

सातवाहनांच्या काळींच सामान्य गृहस्थाचा हात दानाच्या इतिहासांत दिसूं लागतो. साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि त्यांत व्यापाऱ्यांबरोबर सोनार व लोहारही आहेत. ज्यांनीं घर सोडलें त्या भिक्षूंसाठीं हीं दानें होतीं; पण देणारे मात्र घर सोडीत नव्हते. पुण्याचा वांटा मागतांना ते आईबापांचें, पत्नीचें, मुलाबाळांचें नांव घेतात. आपल्याला मिळणारें पुण्य एकट्यानें भोगावयाची वस्तु नव्हे, तें घरांत वांटून घ्यावयाचें, ही समजूत त्या लेखांच्या अक्षराअक्षरांत आहे.

हीच समजूत पुढें मराठी संतांच्या हातीं आली तेव्हां तिला शब्दांचें मोठें वैभव लाभलें. वारकरी पंथाचा उगमच एका दुखावलेल्या कुटुंबांत आहे. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हां गृहस्थाश्रमांत आले, आणि त्या अपराधासाठीं समाजानें त्यांचें घर वाळींत टाकलें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई हीं चार भावंडें त्या बहिष्कृत घरांतलीं. संन्यासापेक्षां संसाराकडे परत येणें हेंच ज्यांच्या जन्माचें कारण झालें, त्यांच्यापैकीं ज्ञानदेवांना सारा महाराष्ट्र ‘माउली’ म्हणूं लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्याला आईबाप लवकर अंतरले, त्यालाच लोकांनीं आईचें नांव दिलें. पंढरपूरला वारकरी माहेर म्हणतो, विठ्ठलाला तो आई म्हणतो. देवाचें औदार्य समजून घेण्यासाठीं त्यानें राजदरबाराची उपमा टाकून स्वयंपाकघराची आणि माहेरच्या अंगणाची उपमा घेतली.

मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरीं पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा पति बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनीं अभंगरचना केली. देवळाचें दार ज्यांना बंद होतें, त्यांनीं घराचेंच देऊळ केलें. परंतु दार बंद असल्याचें दुःखही त्यांनीं देवापासून लपविलें नाहीं. नामदेवांच्या घरीं राबणाऱ्या जनाबाईच्या जोडीला देव दळावयाला बसतो आणि पाणी भरतो, अशी परंपरेची कथा आहे. नाणेघाटाच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला पैठण. तेथील एकनाथमहाराजांच्या घरीं देवानें श्रीखंड्या नांवाच्या गड्याच्या वेषानें बारा वर्षें पाणी भरलें, असें लोक सांगतात. सतराव्या शतकांत पॅरिस येथील मठांत बंधु लॉरेन्स नांवाचा एक आचारी भांडींकुंडीं घासतां घासतां ईश्वराचें सान्निध्य अनुभवीत असे, म्हणून युरोपांत त्याचें नांव झालें. पण तो मठांतला. महाराष्ट्राच्या कथांत देव मठांत थांबला नाहीं; तो बायकामुलांच्या घरांत शिरला आणि तेथें त्यानें सर्वांत कष्टाचें काम उचललें.

शहापूर-मुरबाडच्या कुणबी व आगरी गांवांत आजही हरिनाम सप्ताह बसतो, संध्याकाळीं हरिपाठ होतो. तेव्हां या कथा केवळ पोथींतल्या नाहींत. त्यांचें एक दुसरें रूप जात्यावर होतें. पहांटेच्या अंधारांत दळण दळणाऱ्या स्त्रीनें रचलेली ओवी कोणीं लिहून ठेवली नाहीं; साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथांत अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला, आणि १९८० नंतरच्या काळांत हेमा राईरकर व गी पॉइत्वां यांनीं मावळ-मुळशीपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांतला देव हा भावासारखा भेटीला येणारा आणि आईसारखा विचारपूस करणारा आहे. त्याच्यापाशीं मागणेंही साधेंच असतें: कुंकू राहो, लेंकरूं वाढो, भाऊ सुखी असो. पहांटे एकटीनें उचललेलें ओझें हलकें करावयाला कोणी तरी जवळ आहे, एवढ्या विश्वासावर तो दिवस सुरू होत असे.

याहून जुना असा एक धर्म या दोन तालुक्यांच्या डोंगराळ भागांत नांदतो. म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या लोकांच्या घरांत देव बहुधा अन्नाच्या रूपानें येतो. त्यांचें वर्ष चैत्र-वैशाखांत राब भाजण्यानें सुरू होतें. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या जमिनीवर पसरून जाळावयाच्या आणि त्या राखेंत भाताचें, नागलीचें, वरईचें बीं पेरावयाचें. मृगाचा पाऊस पडला कीं रानांत शेवळें उगवतात. कल्याण-ठाण्याच्या बाजारांत टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून काकडांसह तीं विकत घेणाऱ्या शहरी गृहिणींना त्यांची चव ठाऊक आहे. पण रानांतल्या अनेक घरांत पावसाळ्याची पहिली कवळी भाजी आधीं देवाला दाखविल्यावांचून तोंडांत घालीत नाहींत. मुलें भुकेलीं असलीं तरी हा क्रम सहसा मोडत नाहीं. मिळालें तें आपण पिकविलें नाहीं, तें कोणीं तरी दिलें, ही जाणीव पहिल्या घासाच्या आधीं जागी व्हावी एवढाच त्या क्रमाचा हेतु.

वारल्यांची धान्यदेवता कणसरी. तिच्यासाठीं निराळें देऊळ नाहीं. धान्य जेथें तेथें ती. कणगी हें तिचें घर, आणि कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनें लिंपलेली कोठी. लग्नाच्या वेळीं सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात आणि त्याच्या मध्यभागीं पालघट देवीची आकृति काढतात. आतां ही चित्रकला जगभर पोंचली आहे व तिचीं प्रदर्शनें भरतात. परंतु मुळांत ती एका घरांत एक नवें कुटुंब सुरू होत असतां देवीला भिंतीवर बोलावण्याची रीत होती. धान्याच्या पिठानेंच देवीची आकृति काढावयाची, यांत अन्न आणि देव यांतलें अंतर जवळजवळ पुसून जातें.

आश्विन वद्य द्वादशीचा दिवस या दृष्टीनें विशेष बोलका आहे. शहरांतल्या घरांत ती वसुबारस. गाय आणि वासरूं यांची पूजा त्या दिवशीं होते. त्याच दिवशीं रानांतले गुराखी वाघबारस करतात. वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेल्या वाघदेवाच्या दगडाला किंवा लांकडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवितात आणि घरोघर मागून आणलेला शिधा एकत्र शिजवून जेवतात. शहरानें गाईचे आभार मानले. रानानें गाय न नेल्याबद्दल वाघाचेही आभार मानले. ज्याच्यापासून भय आहे त्याच्याही ठायीं देव पाहावयाचा आणि त्यानें राखलेल्या गुरांना त्याचें देणें म्हणावयाचें, हा दिलासा पोथी वाचून मिळालेला नाहीं. तो गोठ्याच्या दारांत रात्रीमागून रात्र जागून मिळविलेला आहे.

मूल जन्मलें कीं पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा होते. ती देवता येऊन बाळाच्या कपाळावर त्याचें नशीब लिहिते, अशी श्रद्धा महाराष्ट्रभर आहे. जेथें दवाखाना दूर आणि पावसाळ्यांत ओढा अडविणारा, तेथें पहिल्या कांहीं रात्री या आईला आणि सुइणीला किती जड जात असतील याची कल्पना करतां येते. बाळाच्या उशाशीं कोणी तरी येऊन जाणार आहे, तें एकटें नाहीं, या भावनेनें ती रात्र निघत असे. पौषांत पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा येथें म्हसोबाची मोठी जत्रा भरते. तेथें देवाचें दर्शन आणि बैलांचा बाजार एकाच माळावर असतात. घोंगडी, भांडीं, पोरांसाठीं खेळणें हें सारें तेथूनच घरीं येतें. देवाला भेटून येणें आणि नांगरासाठीं बैल घेऊन येणें हीं या लोकांना दोन निराळीं कामें वाटत नाहींत.

येथपर्यंतचें चित्र रम्य आहे. पण एवढेंच सांगून थांबणें म्हणजे अर्धा इतिहास सांगणें होय. देव देतो, हें खरें धरलें, तरी दिलेलें घरांत पोंचतें कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. खळ्यावर भाताची रास पडली कीं तिचा मोठा वांटा जमीनदाराच्या खंडांत आणि सावकाराच्या वसुलींत जाई. श्रावण-भाद्रपदांत कणगी रिकामी झाली कीं त्याच दारांत खावटी मागावयाला जावें लागे, आणि घेतलेलें धान्य पुढच्या हंगामांत कितीतरी वाढवून परत करावें लागे. सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे कुटुंब सुरू होण्याचा जो मंगल क्षण, त्यावरच कर्जाचा पाश पडे. लग्नासाठीं सावकाराकडून पैसे घेतलेला तरुण तें फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या भिंतीवर पालघट देवी बोलाविली, त्या भिंतीआड राहणारा नवरा दुसऱ्याच्या मालकीचा होऊन बसे.

१९३६ सालीं सरकारी हुकुमानें ठाणें जिल्ह्याचे डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरविण्यांत आले. अशा प्रदेशांची पाहणी करून डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें जो अहवाल लिहिला, तो १९३९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत या कर्जाचें आणि वेठीचें चित्र सरकारच्याच हातानें उतरलें आहे. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत, तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें, वारल्यांनीं वेठ न करण्याचा निर्धार केला. त्या लढ्यांत वावरलेल्या गोदावरी परुळेकर यांनीं पुढें १९७० मध्यें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत ती हकीकत सांगितली आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १९७६ चा वेठबिगार-निर्मूलनाचा कायदा हे त्या वाटेवरचे पुढचे टप्पे.

श्रद्धेच्या दृष्टीनें या लढ्याचा अर्थ काय? कित्येकांचें म्हणणें असें कीं, घरांतल्या देवानें माणसाला सोसावयास शिकविलें, आणि सोसणें हीच त्याच्या गुलामगिरीची मुळी. हा आक्षेप हलका नाहीं. देव पुढें देईल या आशेवर आज हिरावून घेणाऱ्याला क्षमा करीत राहणें, हा दिलाशाचा दुरुपयोग आहे, आणि तो पिढ्यानुपिढ्या झाला. परंतु दुसरीही बाजू आहे. धान्य हें कणसरीचें, सावकाराचें नव्हे, असें ज्या घराला आंतून ठाऊक असतें, त्याला अन्याय हा अन्याय म्हणून ओळखतां येतो. पहिली भाजी देवाला दाखवून मगच खाणाऱ्या माणसाला, घासावर हक्क कोणाचा हें सांगावयाला परक्याची गरज नसते. देणगीची ओळख ज्याला आहे, त्यालाच चोरीची ओळख पटते.

मुरबाडच्या डोंगरांनीं याचें एक तेजस्वी उदाहरण पाहिलें आहे. माथेरान येथें १९१२ सालीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, हे नाभिक कुटुंबांतले. ते शिकून वकील झाले. शेतकरी सावकाराच्या दारीं कां जातो, हें त्यांनीं नीट पाहिलें. पोटाला धान्य नाहीं, एवढेंच त्याचें कारण. म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या सुरू केल्या: हंगामांत प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें धान्य घालावयाचें, आणि ओढीच्या दिवसांत गरजवंतानें तेथून न्यावयाचें. घराघरांतली कणगी गांवासाठीं एकत्र आणली, एवढाच हा बदल. पण त्यानें खावटीच्या पाशावर घाव बसला. पुढें १९४२ च्या आंदोलनांत ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत त्यांना व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. सिद्धगडावरचें त्यांचें बलिदान सर्वांना ठाऊक आहे. धान्यकोठीची आठवण मात्र कमी निघते. वास्तविक ईश्वराचें औदार्य माणसाच्या हातून कसें पुढें जातें, याचें तीहून चांगलें उदाहरण या भागांत सांपडणें कठीण.

आतां पाण्याकडे वळावयास हवें, कारण तेथें शहरांतल्या घरांचा संबंध थेट येतो. १८९२ मध्यें शहापूर तालुक्यांतील तानसा नदी अडवून तिचें पाणी मुंबईला नेण्यांत आलें. पुढें वैतरणेचें पाणी आलें, त्यानंतर भातसेचें. आणि आज मुंबईला होणाऱ्या पाणीपुरवठ्याचा निम्म्याच्या जवळपास भाग एकट्या भातसेच्या धरणांतून येतो. गिरगांवांत किंवा दादरांत पहांटे नळ सोडणाऱ्या गृहिणीच्या घागरींत शहापूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस असतो. देवघरांतल्या तांब्यांत, बाळाच्या अंघोळीच्या घंगाळांत, पाहुण्यापुढें ठेवलेल्या पेल्यांत तोच असतो. आणि त्याच शहापूर तालुक्यांतील कांहीं पाड्यांत वैशाख आला कीं विहिरी आटतात, बायका हंडे घेऊन दूरवर जातात, टँकरची वाट पाहातात. ज्या भूमीनें सर्वांत अधिक पाणी दिलें, तिच्याच लेंकीसुनांच्या डोक्यावरचा हंडा उन्हाळ्यांत रिकामा असावा, ही गोष्ट केवळ व्यवस्थेची उणीव म्हणून सोडून देतां येत नाहीं. एकनाथांच्या घरीं देवानें पाणी भरलें, ही कथा ज्या समाजानें प्रेमानें सांगितली, त्या समाजाला हा हंडा दिसला पाहिजे.

नाणेघाटांत राणीच्या लेखाखेरीज आणखी एक लहान लेख आहे. तो वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या कारकीर्दीच्या तेराव्या वर्षाचा. कामवन येथील एका गृहस्थानें पाण्याचें टाकें दान दिलें, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. त्या गृहस्थाला लेखांत पदवी नाहीं. तो ‘गृहपति’ आहे, म्हणजे घर चालविणारा माणूस. घाट चढून आलेला हमाल, गुरें हांकणारा पोरगा, कडेवर मूल घेतलेली बाई यांना वर आल्यावर तहान लागते, हें त्याला ठाऊक होतें. राजघराण्यानें दिलेल्या गाई, हत्ती आणि घोडे यांचा आज मागमूसही नाहीं. परंतु नाणेघाटाच्या कातळांत खोदलेलीं टाकीं पावसाळ्यांत अजूनही भरतात.

या दोन तालुक्यांच्या इतिहासाचा बोध शोधूं गेल्यास तो या गृहपतीच्या कृतींतच आहे. देवाचें देणें घरांत येतें तें भात होऊन, पाऊस होऊन, लेंकरूं होऊन. आणि घरानें तें ओळखल्याची खूण म्हणजे त्यांतला कांहीं भाग दाराबाहेर जाणें. कणसरीच्या कणगींतून धान्यकोठींत, गोठ्याच्या रात्रींतून वाघबारशीच्या सामायिक जेवणांत, स्वतःच्या तहानेंतून वाटसरूच्या टांक्यांत हा प्रवास होत आला आहे. घरांत राहून तप करावयाचें म्हणजे काय, याचें उत्तर नागनिकेच्या लेखांत एका शब्दानें दिलें आहे. पायथ्याच्या घरांनीं तें रोजच्या व्यवहारांत दिलें. ठाकूर-कातकऱ्यांच्या झोंपडींत संध्याकाळीं चुलीवर भाकरी भाजली जात असतां दारांत कोणी आलें, तर घरची बाई आधीं ‘बसा’ म्हणते आणि मग भाकरी मोजते. भाकऱ्या कमी पडल्या तर त्या अर्ध्या होतात; आलेला मनुष्य परत जात नाहीं.